आधी मला फोडा

मी मागच्या दाराची पायरी बोलतेय. जरा घाईत बोलतेय, तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. मला फोडायला घण हवाय, आणि तो आणायला माणूस गेलाय. गाडी कोपऱ्यावर लावलीय म्हणाला, म्हणजे जाऊन यायला कितीसा वेळ लागणार. मला भीती वाटतेय. घणाची नाही. भीती ही, की तो परत यायच्या आत आईचं मन फिरेल आणि ती म्हणेल, राहू दे पायरी, हात लावू नका.

असं दोनदा झालंय. आज तिसऱ्यांदा झालं तर या घराला कुलूप लागेल आणि आई मुलीकडे सातव्या मजल्यावर जाऊन बसेल. तिला तिथे जायचं नाही. मलाही तिला घालवायचं नाही. पण तिला घराबाहेर काढतेय ती मीच, आणि मला वाचवतेय ती तीच. हा गुंता माझ्याच्याने सुटत नाही. घणानेच सुटला तर सुटेल.

पहिल्यापासून सांगते.

हे घर नवं होतं तेव्हा मागच्या दाराखाली उतरायला काही नव्हतं. दोन विटा रचल्या होत्या, त्या डुगडुगायच्या. घरातली बाई रोज म्हणायची, "अहो, एक पायरी करून घ्या ना. एक दिवस तोंडावर पडेन मी." नवरा म्हणायचा, "अगं, त्याला गवंडी कशाला? मीच करतो." मला बरेच दिवस वाटायचं की याचं नाव अहो आणि हिचं नाव अगं. पुढे मुलगी झाली, ती बोलायला लागली, तेव्हा कळलं की अगंला आई म्हणतात. मग मीही आईच म्हणू लागले. एका अर्थी मी त्यांची थोरलीच की. अहोंना मात्र मी शेवटपर्यंत अहोच म्हटलं.

अहो बस चालवायचे. बस चालवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. घरात मात्र ज्याला हात लावतील ते वाकडं. त्यांनी ठोकलेल्या फळीवरून डबे आपोआप खाली यायचे. त्यांनी दुरुस्त केलेला नळ गळायचा थांबला, पण उघडायचाही थांबला. आई हसायची, शेजारी हसायचे. अहोही हसायचे, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर, थोडं उशिरा.

सुट्टीच्या एका दिवशी त्यांनी मला घडवायला घेतलं. फळ्यांची चौकट केली, वाळू चाळली, सिमेंट कालवलं. खाली काय आहे ते मात्र पाहिलं नाही. घराचा पाया खोदल्यावर मजुरांनी भिंतीलगत जी माती नुसती ढकलून दिली होती, त्याच भुसभुशीत मातीवर माझा जन्म व्हायचा होता. ती माती ठोकून घट्ट करायला हवी होती, खाली दगडांचा थर द्यायला हवा होता. अहोंनी बुटाने चारदा दाबली आणि म्हणाले, "झालं." मग माझ्यावर वाकून उन्हं कलेपर्यंत थापी फिरवत राहिले. पाठ धरली होती त्यांची. मध्येच आई चहा घेऊन बाहेर आली आणि सवयीने पाय टाकला तो थेट माझ्यावर. तिच्या चपलेचा ठसा अजून आहे माझ्या उजव्या कोपऱ्यात. अहो म्हणाले, "राहू दे, तुझी सही झाली."

मी वाळल्यावर दोघं माझ्यावर पहिल्यांदा बसली. आईने चहाचा कप माझ्यावर ठेवला, उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही मात्र छान झाली हं."

त्या एका वाक्यावर अहो पुढचे कित्येक दिवस जगले. येईल त्याला मागच्या दाराशी घेऊन यायचे. पाहुणा पुढच्या खोलीत बूट काढतोय न काढतोय तोच, "चला, पायरी दाखवतो." पायरीत बघण्यासारखं काय असतं? पण लोक बघायचे, मान डोलवायचे. आणि खरं सांगते, मीही फुगून गेले. छान म्हटलेल्याला आपण छान आहोत असंच वाटतं.

माणसांचं एक मला कळलेलं आहे. पुढच्या दाराशी ती दुसऱ्यांसाठी असतात, मागच्या दाराशी स्वतःसाठी. पुढे हसून निरोप द्यायचा आणि मागे येऊन माझ्यावर बसून म्हणायचं, "गेले एकदाचे." मुलगी नापास झाली तेव्हा माझ्यावर बसून रडली, पहिल्या नोकरीचं कळलं तेव्हाही इथेच येऊन बसली. संध्याकाळी अहो डावीकडे, आई उजवीकडे, ठशाच्या बाजूला. बोलायचे थोडं, बसायचे फार.

आणि त्यांच्या वजनाखाली मी खचत होते. केसाकेसाने, भिंतीच्या बाजूला, घराकडे. पायरीने बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असावं, म्हणजे पाणी आवारात जातं. मी आत झुकत चालले होते. मला समजत होतं, पण सांगू कुणाला?

अहो गेले. आजारपण फार लांबलं नाही. त्यानंतरही आई उजवीकडेच बसते. डावी बाजू मोकळी ठेवते.

मग मागच्या शेजाऱ्याने बांधकाम काढलं. त्याची उपसलेली माती आमच्या कुंपणाशी पडली, पसरली, आणि मागचं आवार उंच-सखल होऊन बसलं. जोराचा पाऊस आला की त्यातलं थोडं पाणी मागच्या खोलीत यायचं. ही खोली आईची. तिचे गुडघे गेलेत, जिना तिला चढवत नाही. वरच्या खोल्या रिकाम्या असून तिच्या उपयोगाच्या नाहीत. ओल्या भिंतीने तिचा खोकला हटेना. शेवटी मुलगी आली आणि समोर उभी राहून म्हणाली, "आई, शेवटचं सांगते. आवार खोदून, नीट उतार काढून घेऊ. त्यानंतरही खोलीत पाणी आलं तर तू माझ्याकडे यायचं. घर विकायचं."

आई म्हणाली, "नाही येणार पाणी."

तीन ठेकेदार येऊन गेले. नावं मी ठेवलीत, त्यांना सांगू नका.

पहिला फोनवाला. तो आला फोनवर बोलत, आवारात दोन फेऱ्या मारल्या फोनवर बोलत, फोन छातीशी धरून आईला म्हणाला, "होऊन जाईल," आणि पुन्हा फोन कानाला लावून गेला तो गेलाच.

दुसरा कडू. कपाळावर कायम आठी. गुडघ्यावर बसला, खिशातून लेव्हलची छोटी पट्टी काढली, तीच ती, आत पाण्याचा बुडबुडा असतो ती, आणि माझ्यावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही, एकदम म्हणाला, "ही पायरी बसलीय. घराकडे झुकलीय. आधी ही फोडायची, मग बाकीचं."

आईचा चेहरा उतरला. "पायरी नाही फोडायची."

"मग दुसरा कुणी बघा. वाकड्या पायरीपाशी मी सरळ काम नाही करत."

"वाकडी कुणाला म्हणता? आमच्या ह्यांनी केलीय ती."

"कुणीही केलेली असू दे हो, पाण्याला ते कळत नाही."

आई म्हणाली, "चहा घ्या आणि या तुम्ही." चहा टाकलेला नव्हता हे त्यालाही दिसत होतं. तो गेला. मला त्याचा असा राग आला होता. चारचौघांत वाकडी म्हणाला मला. आज मी त्याच्याच माणसाच्या पावलांकडे कान लावून बसलेय.

तिसरा गोड. आल्या आल्या चप्पल बाजूला काढली, माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "काय काम केलंय, आई. असा हात आता मिळत नाही."

झालं. आई विरघळली. मीही विरघळले, सिमेंटची असून.

"पायरीला धक्का नाही ना लागणार?" आईने विचारलं.

"धक्का? अहो, सगळं काम पायरीला धरून करतो. ही म्हणेल तसं आवार होईल."

तो लबाड नव्हता, एवढं सांगायला हवं. त्याने दिलेला शब्द पाळला, आणि तिथेच सगळं फसलं. खोदायचं मशीन आलं, कुंपणाजवळचे उंचवटे खरवडून काढले. मग उतार ठरवायची वेळ आली. गोड म्हणाला, पायरीला बाहेरच्या बाजूला उतार दिलेलाच असतो, तोच पुढे नेला की झालं. त्याने एक दोरी घेतली, माझ्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कडांना टेकवली आणि तीच ओळ ताणत थेट मागच्या कुंपणापर्यंत नेऊन खुंटीला बांधली. लेव्हलची पट्टी त्याच्या गाडीत होती. आणायला निघालाही होता, तेवढ्यात आईने त्याला चहाला बसवलं. या वेळी चहा खरंच टाकला होता.

दोरीला काय कळतं? मी आत झुकलेली, म्हणजे ती बाहेर जाता जाता चढत गेली. माझा बोटभर कल कुंपणापाशी जाऊन हातभर झाला. लांबच्या लांब आवारात डोळ्यांना तो दिसेना. मी ओरडत होते. जीव तोडून ओरडत होते, की अरे, माझ्यावर विसंबू नका, मी खचलेय, मला खुणेला धरू नका. पायरीचा ओरडा कुणाला ऐकू जातो? माझ्यावर भरवसा टाकून माणसं माती पसरत होती, पाणी मारत होती, रोलर फिरवत होती. एवढा भरवसा माझ्यावर कधी कुणी टाकला नव्हता, आणि त्या भरवशाने माझा जीव जात होता.

आवार दिसायला देखणं झालं. गुळगुळीत, सपाट, एक खड्डा नाही. आई दारात उभी राहून बघत राहिली. "बघा, अहो," ती डाव्या बाजूला बघून म्हणाली, "तुमच्या पायरीला धरून केलं सगळं."

आधी आवारातले खड्डे तरी पाणी अडवायचे. आता तेही नव्हते.

पावसाची वाटही पाहावी लागली नाही. एका सकाळी गच्चीवरच्या टाकीचा तरंगणारा गोळा तुटला. टाकी भरून वाहायला लागली आणि पाणी पाइपातून मागच्या आवारात पडत राहिलं. आई पुढच्या खोलीत होती. आवारात पडलेला थेंब न् थेंब शिस्तीत घराकडे निघाला. माझ्यावरून चढला, माझ्या उतारावरून आत घसरला, दाराखालच्या फटीतून खोलीत गेला. मी अडवू शकत नव्हते. उलट मीच त्याला वाट करून देत होते. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि आईच्या खोलीत घोटाभर पाणी. पलंगाखाली अहोंचे कामावरचे बूट ठेवलेले होते, पॉलिश केलेले. ते तरंगत दारापर्यंत आले.

आईने ते बूट उचलले, पाणी ओतलं आणि माझ्यावर उन्हात ठेवले. मग फडकं आणून ते आतून पुसत बसली.

मुलीने गोडला फोन केला. तो म्हणाला, "ताई, हे टाकीचं पाणी. आपलं बोलणं पावसाच्या पाण्याचं झालं होतं." मुलीने फोन ठेवला आणि कडूला शोधून काढलं.

कडू आला. पुन्हा गुडघ्यावर बसला, पुन्हा ती पट्टी, पुन्हा तो बुडबुडा. मला वाटलं, आता म्हणेल, सांगितलं होतं ना. तो तसं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आधी ही फोडावी लागेल. भिंतीलगतची माती काढून पुन्हा ठोकून भरू. नवी पायरी, मग आवार पुन्हा. पाऊस तोंडावर आलाय, लवकर ठरवा."

आई हो म्हणाली. दिवस ठरला. तो माणसं घेऊन आला, तेव्हा आई म्हणाली, "आज नको, आज मला बरं वाटत नाही." दुसऱ्यांदा आला, तेव्हा ती माझ्यावर येऊन बसली आणि उठेचना. कडू कुंपणाला टेकून उभा राहिला, मग माणसांना घेऊन निघून गेला. मुलगी रडकुंडीला आली. "आई, एका पायरीसाठी घर घालवशील?" आई म्हणाली, "तुला नाही कळायचं."

मलाही कळत नव्हतं. मी काय सोन्याची आहे? तिच्या खोकल्याच्या उबळी मला भिंतीतून ऐकू येतात. ओली गादी वाळत नाही म्हणून ती खुर्चीत झोपते. आणि हे सगळं माझ्यासाठी. कुणी आपल्यावर एवढी माया करावी आणि त्या मायेनेच त्याचं वाटोळं व्हावं, याहून वाईट काही मला माहीत नाही.

आज सकाळी मुलगी आली ती खोकी घेऊन. आईचे कपडे भरले, औषधं भरली, बूटही भरले. म्हणाली, "कडूकाका येतायत. आज पायरी फुटेल, नाहीतर आज आपण निघायचं. मधलं काही नाही." कडूला तीही कडूच म्हणते, हे ऐकून मला बरं वाटलं. आभाळ भरून आलेलं आहे. आई म्हणाली, "बरं." कडूने आपल्या माणसाला घण आणायला पाठवलं.

तेवढ्यात मी हे बोलायला घेतलं. आणि आता, ज्याची भीती होती तेच. आई चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि माझ्यावर बसली. उजवीकडे, ठशाच्या बाजूला. गेल्या वेळी अशीच बसली होती.

आई, उठ ना गं. उठ.

तिने कप माझ्यावर ठेवला. कप घसरला, भिंतीच्या दिशेने, आणि आईने तो न बघताच धरला. बघत होती ती समोर आवाराकडे. हात आपणहून गेला, जिथे कप जाणार तिथे. मुलगी दारात उभी होती. तिने ते पाहिलं.

"आई, तुला माहीत होतं?"

आईने कप उचलून मांडीवर घेतला.

"पायरी कललीय, हे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," आई म्हणाली. "पहिलाच कप घसरला होता. पुढे जास्त कलली, पण तेव्हाही थोडी होतीच."

"मग तू तर म्हणाली होतीस छान झालीय. बाबा जन्मभर सांगत होते सगळ्यांना."

"दिवसभर उन्हात वाकले होते गं ते. रात्री कूस बदलता येत नव्हती. आयुष्यभर सगळे हसले त्यांच्या कामाला, मीही हसले. एकदा म्हटलं छान. एकदाच. आता हा माणूस येऊन म्हणतो फोडा, म्हणजे मी ते परत घ्यायचं. त्यांच्या माघारी."

मी ऐकत होते. काय वाटलं सांगू? आधी फार लागलं. जन्मभर ज्या एका वाक्यावर मी फुगून बसले होते, ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. ते एका दमलेल्या माणसासाठी होतं. मग वाटलं, बरं झालं. तिने मला कधी सरळ समजलंच नव्हतं, तरी रोज येऊन बसली. कप धरत धरत बसली.

आई, घे ते वाक्य परत. मी नाही रागावणार. अहोही नाही रागावणार. ते हसतील, थोडं उशिरा.

फाटक वाजलं. माणूस घण घेऊन आला. कडू त्याच्या मागे उभा आहे, आठी तशीच, पण घाई करत नाही. आईने कपातला उरलेला चहा संपवला. डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "वाकडीच झाली होती. पण बसायला फार छान होती."

मग तिने मुलीकडे हात केला आणि उठली. गुडघे कुरकुरले, पण उठली. दारात जाऊन उभी राहिली.

माणसाने घण उचलला, आणि थांबला. "आजी, इथे चपलेचा ठसा आहे. एवढा तुकडा बाजूला ठेवू का तुमच्यासाठी?"

माझा श्वास अडकला. म्हणजे पायरीचा जेवढा अडकतो तेवढा.

"नको," आई म्हणाली. "सगळे तुकडे खाली घाला. माती ठोकून झाली की वर याच तुकड्यांचा थर द्या, तो तुकडा सगळ्यात खाली. नवी पायरी खचायला नको."

कडूने मान डोलावली. म्हणाला, "चांगला थर होईल."

तर येते मी. नवी येईल तिला छान म्हणा किंवा नका म्हणू, पण तिच्यावर पट्टी ठेवून बघा. आईचा कप आता घसरणार नाही. हात जाईल काही दिवस सवयीने, मग जायचा थांबेल.

या वेळी खाली मी आहे.